ओळख दाखवायची नाही

पाळणाघराचं दार रोज तुळजाआक्का उघडायच्या. म्हणून त्या सकाळी दार उघडलं आणि समोर अनिता दिसली तेव्हा सुमैयाला आधी वाटलं, आपणच चुकून भलत्या दाराशी आलोय. अनिताने पदर कमरेला खोचला होता, कडेवर कुणाचं तरी शेंबडं पोर होतं आणि चेहऱ्यावर काहीच नव्हतं. ओळख नाही, दचकणं नाही. "द्या," ती म्हणाली आणि मोकळा हात पुढे केला. सुमैयाने इक्राला दिलं. दिलं म्हणजे हातांनी दिलं; बाकीची ती आतून तशीच पोरीला घट्ट धरून उभी राहिली. "डबा?" "पिशवीत आहे." "दूध कवा द्यायचं?" "आक्कांना माहीत आहे." दोघी परक्या बायकांसारख्या बोलल्या. आणि हे सुमैयानेच तर ठरवून दिलं होतं. टेलरच्या दुकानावरच्या तिच्या खोलीत पहिल्यांदा येणाऱ्या प्रत्येक बाईला ती सांगायची तसं तिने अनितालाही सांगितलं होतं की शिरूर लहान आहे, आपण बाजारात भेटू, स्टँडवर भेटू, कुणाच्या लग्नात एका पंगतीला बसू. तुम्ही हाक मारल्याशिवाय मी ओळख दाखवणार नाही, तुम्हीही दाखवायची नाही. अनिता तेव्हा तोंडावर पदर धरून हसली होती. "म्हंजी चोरीचा मामला हाय म्हणा की, मॅडम." आता तीच अनिता इतकी चोख अनोळखी झाली होती की सुमैयाला त्या चोखपणाचंच भय वाटलं. ज्या बाईला इतकं सफाईने लपवता येतं, तिने आपल्यासमोर बसून तरी सगळं सांगितलं असेल का?

गल्लीतून बाहेर पडून ती बाजारपेठेत आली तरी कडेवरचं इक्राचं वजन गेलं नव्हतं. अजीमचाचा दुकानाचं शटर वर सारत होते. "आलीस? ये. तुझ्यामुळं माझा धंदा वाढलाय बघ पोरी. बाया तुझ्याकडं रडून खाली उतरत्यात आन् जाता जाता ब्लाउजचं माप दिऊन जात्यात." हा त्यांचा रोजचा विनोद होता आणि खरंही होतं. वर जाणाऱ्या बायका पिशवीत कापड घेऊन येत. कुणी विचारलं तर शिवायला टाकायला निघाले म्हणता येई. गावात कुणी तिला मनाची डॉक्टरीण म्हणत, कुणी समजूत घालणारी बाई. ती जिना चढून वर आली, दोन खुर्च्या समोरासमोर केल्या, मधल्या स्टुलावर पाण्याचा तांब्या ठेवला. पुण्यातल्या केंद्रात होती तेव्हा दर शनिवारी हेच काम करणाऱ्या सगळ्या जणी गोल करून बसायच्या. मोठ्या बाई विचारायच्या, या आठवड्यात कुणाचं काय घरी घेऊन गेलात? आणि मग एकेक जण नावगाव न सांगता आपापलं ओझं मध्ये ठेवायची. इथे ती एकटी होती. स्वतःचं काम, स्वतःची खोली, हे तिने किती हौसेने सगळ्यांना सांगितलं होतं. त्या सांगण्यात हे नव्हतं की संध्याकाळी दाराला कुलूप लावल्यावरही आतलं सगळं बरोबर येतं आणि ते उतरवून ठेवायला कुठेही जागा नसते.

अनिताचं काय होतं ते तिला शब्दन् शब्द पाठ होतं. "हौदापाशी उभी ऱ्हायले ना मॅडम, कडेवर पोरगं असतंय माझं, संघर्ष, आन् डोक्यात येतं, सोड. नुसतं सोड. कोण बोलतं ठावं न्हाई. मंग मी पोराला सासूकडं देती आन् न्हाणीत जाऊन बसती." हे सांगताना अनिताच्या दाताखाली पदराचं टोक होतं. आणि सुमैयाने शांतपणे, आपल्या कामाच्या आवाजात, तिला सांगितलं होतं की असे विचार पुष्कळ आयांना येतात. ज्यांना ते नकोसे वाटतात, ज्या त्यांना घाबरून रडतात, त्या बायका तसं काही करत नाहीत. विचार वेगळा, हात वेगळा. हे ती शिकली होती, पुण्यात तिने ते डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि त्यावर तिचा विश्वास होता. पळाल्याने भीती मोठी होते, असंही तिने सांगितलं होतं. सासूकडे देऊ नका. पोरांपासून पळू नका, पोरांत जा. अनिताने मान डोलावली होती, चांगल्या विद्यार्थिनीसारखी. आणि ती पोरांत गेली. संघर्षला बरोबर आणायची मुभा असलेलं, घरापासून जवळ असलेलं काम तिने शोधलं. सुमैयाच्या सांगण्यावरून शोधलं. तालुक्यात इतकी पाळणाघरं नसतात की बाईला निवड करता यावी, हे सुमैयाच्या लक्षात यायला हवं होतं. की अनिताने मुद्दाम हेच निवडलं होतं? मागच्या वेळी बोलता बोलता सुमैयाचा मोबाईल उजळला होता, त्यावर इक्राचा फोटो, लाल टोपीतला. अनिता त्याच्याकडे बघत होती. किती वेळ बघत होती? तेव्हा तिला ते बघणं प्रेमळ वाटलं होतं.

त्या संध्याकाळी तिने इक्राला अंघोळ घालताना दिवा जवळ ओढला. कानामागे बघितलं, काखेत, पाठीवर, मांडीच्या आत. दंडावर एक लाल ठिपका होता. डास चावलेला असेल, नखाचा असेल. तिने ठिपका बोटाने दाबला, सोडला, पुन्हा दाबला. पुण्याच्या बाई शिकवायच्या की लहान मुलाला कधीही उत्तर सुचवणारा प्रश्न विचारू नये, ते तुम्हाला हवं ते उत्तर देतं. सुमैयाला ते पक्कं ठाऊक होतं आणि तरी ती ऐकत होती, आपलाच आवाज, गोड केलेला, न्हाणीच्या भिंतीला आपटून परत येणारा. "नव्या मावशीने धरलं इथं?" "हो." "जोरात धरलं?" "हो." "मावशी रागावली?" "हो." सुमैयाचे हात साबणातच थांबले. मग तिने विचारलं, "मावशीने तुला हत्तीवर बसवलं?" "हो!" इक्रा पाणी उडवत म्हणाली. सुमैया हसली, मोठ्याने, आणि हसून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की हत्तीमुळे आधीची तीन उत्तरं खोटी ठरली असली तरी ती अजून त्या ठिपक्याकडेच बघते आहे. टॉवेल घेऊन दारात आलेला तिचा नवरा आतिफ बघत होता. रांजणगावच्या कंपनीतून तो नुकताच आला होता, अंगाला अजून तेलाचा वास होता. "काय झालंय तिला?" "काही नाही." "मग दिवा कशाला घेतलाय खाली?" ती काय सांगणार होती? एका बाईने मला सांगितलं ते मी कुणालाही सांगणार नाही असं मी तिला सांगितलंय, म्हणून तुझ्या मुलीबद्दल मी तुला काही सांगू शकत नाही? "डास झालेत," ती म्हणाली. आतिफ टॉवेल देऊन गेला आणि थोड्या वेळाने बाहेरून म्हणाला, "तुझ्या लोकांचं काही असेल तर ते तिकडंच ठेवत जा, सुमी. तू घरी येतेस तेव्हा तुझ्याबरोबर अजून चार जण आल्यासारखं वाटतं."

पाळणाघरासमोर एक रसवंती होती. सुमैया तिथे बसू लागली, दुपारच्या मोकळ्या तासात, ओढणी डोक्यावरून पुढे ओढून. घुंगरांचा चरकाबरोबर फिरणारा आवाज, उसाच्या चिपाडांवर घोंघावणाऱ्या माशा, आणि कुडाच्या फटीतून दिसणारं आक्कांचं अंगण. ती रोग्यावर पाळत ठेवते आहे, हे वाक्य तिच्या मनात अगदी स्पष्ट उमटलं. दुसऱ्या कुणी केलं असतं तर तिने त्या माणसाला काय काय विचारलं असतं. अनिता पोरांना ओळीने बसवून भरवत होती. अनिता एकाचं नाक पुसत होती. अनिताने इक्राला उचललं आणि अंगणाच्या कडेला भरून ठेवलेल्या निळ्या ड्रमकडे नेलं. हात धुवायला. एक हात पोरीच्या पोटाखाली, पोरगी पाण्यावर वाकलेली, दोन्ही पाय हवेत. आणि तिथे अनिता थांबली. डोळे मिटून थांबली. घुंगरं वाजत होती. सुमैया उठली, ग्लास कलंडला, रस टेबलावरून मांडीवर सांडला, आणि तेवढ्यात अनिताने तोंडाने लांब श्वास सोडला, डोळे उघडले, इक्राचे हात चोळून चोळून धुतले, पदराने पुसले आणि तिला खाली ठेवलं. हे सुमैयानेच शिकवलं होतं. विचार आला की पळायचं नाही, श्वास सोडायचा आणि हातातलं काम पुरं करायचं. तिच्या डोळ्यांदेखत एक बाई बरी होत होती. तिच्या आजवरच्या कामात तिने इतकं नितळ, इतकं तंतोतंत घडलेलं काही पाहिलं नव्हतं. आणि त्याच क्षणी याचा अर्थ असाही होता की तिची मुलगी पाण्यावर धरलेली असताना त्या डोक्यात तो शब्द आला होता. चिकट ओढणी पुसत ती उभी होती आणि तिला अभिमान वाटत होता आणि तिला त्या बाईचे हात मनगटापासून बांधून टाकावेत असं वाटत होतं.

संध्याकाळी इक्राला घ्यायला गेल्यावर तिने आक्कांना विचारलं. अनिता तेव्हा घरी गेली होती. तुळजाआक्का अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, मोठ्या हाडापेराच्या, तोंडाने फटकळ. सुमैयाने फार जपून विचारलं, नाव न घेता, हसत, जाता जाता. "नवीन बाई कशा आहेत, आक्का?" आक्का उंबऱ्यावर बसून चुरमुरे निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. "का वो?" "सहज." "तुमी सहज न्हाई इचारायच्या." आक्कांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "तुमचा धंदा काय, म्या काय वळखीत न्हाई व्हय? ती येतीया का तुमच्याकडं?" "तसं मी कुणाचंच सांगू शकत नाही, आक्का. येणारीचंही नाही आणि न येणारीचंही नाही." हे वाक्य अगदी बरोबर होतं. पुस्तकात असतं तसं. आक्का फक्त "बरं" म्हणाल्या, आणि त्या 'बरं'मध्ये सगळं ठरून गेलं हे सुमैयाला त्याच वेळी कळलं. ती आणखी काही म्हणू शकली असती. चांगल्या आहेत हो, मला बाई आवडली, एवढं जरी. इक्राच्या चपला शोधण्यात तिने तो वेळ घालवला.

दुसऱ्या दिवशी ती पोरीला घेऊन दौंडला गेली. अम्मीचे गुडघे दुखतात, इक्रा थोडे दिवस तिच्याजवळ राहील, तिलाही बरं वाटेल, असं तिने आतिफला सांगितलं. न्हावऱ्यावरून चौफुला, मग पाटसच्या पुढे उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे मुंगीच्या पावलाने. बस थांबली की इक्रा विचारायची, "मावशी?" आणि सुमैया तिला खिडकीबाहेरचे बैल दाखवायची. अम्मीने दार उघडून दोघींना आळीपाळीने बघितलं. "क्या हुआ गे?" "काही नाही अम्मी, तुझी आठवण आली." अम्मीने पुढे विचारलं नाही. विचारायची नाहीच ती. म्हणून तर रेल्वे कॉलनीतल्या सगळ्या बायका तिच्याकडे यायच्या. अब्बा गाडीवर गेले की दुपारी मागच्या पडवीत कुणी ना कुणी असायचंच. रेल्वेतल्या खलाशाची बायको, फाटकावाल्याची आई, स्टेशनमास्तरीणबाईसुद्धा. अम्मी तांदूळ निवडत ऐकायची, "हां... हां..." एवढंच म्हणायची. त्या हलक्या होऊन जायच्या, आणि अम्मी पलंगावर पडून म्हणायची, बेटा, ओढणी आण. लहानगी सुमैया तिच्या कपाळाभोवती ओढणी गुंडाळून दोन्ही टोकं ओढायची, अजून घट्ट, अम्मी म्हणायची, अजून, आणि ओढता ओढता सुमैयाला वाटायचं की आतमध्ये त्या सगळ्या बायका आहेत आणि आपण त्यांना बाहेर पडू देत नाही आहोत. एकदा फाटकावाल्याची आई अम्मीच्या मांडीवर डोकं ठेवून काहीतरी पुटपुटली होती आणि त्यानंतर कितीतरी दिवस अम्मी सुमैयाला एकटीला फाटकाकडे जाऊ देत नव्हती. का, ते कधीच सांगितलं नाही. म्हणजे अम्मीलाही भीती वाटली होती. पण तिने त्या म्हातारीसाठी दार कधी बंद केलं नव्हतं. ती यायची, चहा प्यायची. अम्मीला कसं जमलं होतं ते? की जमलं नव्हतंच, आणि ती डोकेदुखी त्याचीच होती? इक्राला अम्मीजवळ झोपवून सुमैया परत निघाली तेव्हा तिची कड रिकामी होती आणि तिला वाटायला हवं होतं तसं सुटल्यासारखं मुळीच वाटत नव्हतं.

मंगळवार अनिताचा. ती येणार नाही असं सुमैयाने धरलं होतं. खरं तर मनात तेवढीच आशा होती. पण जिन्यावर पावलं वाजली, आणि अनिता आत येऊन खुर्चीच्या कडेला बसली, पाहुण्यासारखी. "आक्कांनी काढून टाकलं मला," ती म्हणाली. "कारण इचारलं तर म्हणाल्या, कारण न्हाई, तू उद्यापासनं येऊ नगं. संघर्षच्या हातात तिथलं खेळणं व्हतं, ते बी काढून घेतलं वो." मग ती म्हणाली, "मी लई इचार केला, मॅडम. म्या तर कुणाला बोलले न्हाई. नवऱ्यालाबी न्हाई. मंग आक्कांस्नी कसं कळलं? म्हंजी..." तिने मान वर केली. चेहरा कोरा नव्हता आता. "माझ्या तोंडावर दिसतं का ते? खरं सांगा. पोरं घेतली का माझ्या तोंडावर दिसतं? तसं असंल तर मी संघर्षलाबी न्हाई घ्यायची. सासूकडंच दिऊन टाकते. कायमचा."

खाली अजीमचाचांचं मशीन चालू होतं. सुमैयाला वाटलं, अजून सगळं तिच्या हातात आहे. "नाही, तोंडावर काही दिसत नाही" इतकं म्हटलं की पुरे, तेही खरंच आहे, आणि आक्कांचं डोकं कसं फिरतं कोण जाणे असं म्हणता येईल. पण मग कळलं कसं, हा प्रश्न अनिता घरी घेऊन जाईल, आणि त्याचं एकच उत्तर तिला सापडेल. आणि हौदावर उभं राहून ती ते उत्तर स्वतःलाच पुन्हा पुन्हा ऐकवेल. दुसरीकडे शिरूर होतं. वर खोलीत सांगितलेलं वर राहत नाही, एवढं वाक्य बाजारात फिरलं की जिना ओस पडेल. तिने स्टुलावरचा तांब्या बाजूला सरकवला. "आक्कांना मी विचारलं होतं," ती म्हणाली. "तुमचं काही सांगितलं नाही. पण विचारलं. नवीन बाई कशा आहेत म्हणून. तेवढं त्यांना पुरलं. तुमच्या तोंडावर काही नाही, अनिताताई. असलंच तर माझ्या तोंडावर असेल. इक्रा माझी मुलगी आहे, म्हणून विचारलं."

 अनिता जे म्हणाली त्याची सुमैयाला मुळीच अपेक्षा नव्हती. "म्हंजी दिसत न्हाई," ती म्हणाली, आणि तिचे खांदे खाली आले. राग त्याच्या मागून आला, हळू. "इक्रा तुमची. पयल्या दिशी दारात तुमी दिली तवाच कळलं मला. म्या वळख न्हाई दाखवली, तुमीच म्हणाला व्हता म्हणून. आन् तिला मी सगळ्यात जपून घेत व्हते. मॅडमची हाय म्हणून." तिने पदर खांद्यावर ओढून घेतला. "इचार म्हंजी इचार, असं तुमीच सांगितलं ना मला? मी ते खरं धरलं. तुमी न्हाई धरलं व्हय?" "धरलं," सुमैया म्हणाली. "अजूनही धरते." "मग भ्या वाटलं." "हो." "अजून वाटतंय?" सुमैयाला आपल्या कामाचा तो आवाज शोधावासा वाटला, पण तो कुठेच नव्हता. "वाटतं," ती म्हणाली.

अनिता उठली. सुमैयाला वाटलं, गेली. पण ती दारात उभी राहून म्हणाली, "मग चला. आक्कांकडं. आत्ता." दोघी बाजारातून बरोबर चालत गेल्या, कुणीही बघावं अशा. भाजीवाल्याने सुमैयाला सलाम घातला, अनिताची कुणी चुलत नणंद वळून बघत राहिली; अनिताने मान खाली घातली नाही. आक्कांच्या उंबऱ्याशी सुमैयाने सांगितलं की मी उगाच विचारलं होतं, माझी चूक झाली, या बाईंना कामावरून काढू नका. आक्कांनी तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्यात नेली. "तुमी आज असं म्हणताय. आन् तुमची सोत्ताची पोरगी कुठाय? दौंडला. म्या आंधळी न्हाई, बाई. तुमी ठिवणार का हिच्याकडं? तुमी ठिवली तर मी ठिवते." अनिता अंगणातल्या ड्रमकडे बघत होती. "उद्या आणते," सुमैया म्हणाली. आपण म्हणालो हे तिला ऐकू आल्यावर कळलं.

आणि तिने आणलं. रात्रीच्या मुक्कामाला दौंडला जाऊन सकाळी पहिल्या गाडीने, बसमध्ये पेंगणाऱ्या इक्राला छातीशी धरून, प्रत्येक स्टॉपला मनात म्हणत की इथे उतरता येईल, इथून परत फिरता येईल. गल्लीतले सडे अजून ओले होते. दार अनितानेच उघडलं. संघर्ष तिच्या पायाशी रांगत होता. "आल्या का मॅडम," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, आणि दोन्ही हात पुढे केले. सुमैयाने इक्राला दिलं. या वेळी सोडायला जास्त वेळ लागला. अनिता वाट बघत राहिली, ओढून घेतलं नाही. इक्रा जागी होऊन एकदम रडू लागली, आईकडे हात करून. "जा आता," आक्का आतून म्हणाल्या. "तुमी उभ्या ऱ्हायल्या का ती गप न्हाई व्हायची." दार लागलं. सुमैया निघाली. वर खोलीवर सकाळची बाई येऊन बसलेली असेल, पिशवी मांडीवर घेऊन. तिचं ऐकायचं होतं. रडणं गल्लीत तिच्या मागे मागे येत होतं आणि ती ते तपासत चालली होती, रोजचं आहे का, झोपेतून उठवल्याचं आहे का, की दुसरंच काही. गल्लीच्या तोंडाशी ती पोचली तेव्हा रडणं एकदम बंद झालं. सावकाश कमी झालं नाही. मध्येच, तोडल्यासारखं बंद झालं. मुलं अशीच गप्प होतात, कुणी छातीशी धरलं की. तिचं सगळं अंग मागे वळलं होतं. पाय तेवढे तिने पुढे टाकले.